पाठमोरा बोल्ट

ये गं केतकी, अशी जवळ ये. तू बंगळूरला आणि मी इथे जबलपूरला, तेव्हा जवळ म्हणजे कागदाच्या या टोकाशी. आधी थोडं रागावून घेते, मग सांगते. मावशीला फोन करतेस, 'जेवलीस? गोळी घेतली?' एवढं विचारतेस आणि ठेवून देतेस. काहून गं? मी काय वॉर्डातली पेशंट आहे आणि तू राउंडवर निघालेली डॉक्टरीण? मी मराठीत बोलले की हिंदीत उत्तर, 'मौसी, बाद में आराम से बात करते हैं.' तो आराम काही उगवत नाही. बोलता येत नसेल, पण समजतं ना तुला सगळं? मग वाच. मी बोलते तशीच लिहिते. शाळा माझी लवकर सुटली, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं, त्यामुळे अर्ध्यात फाटलेल्या गोष्टी मनाने पुऱ्या करायची सवय लागली. ही मात्र पुरी आहे.

आज सकाळी तुझे काका ग्वारीघाटावरून आले. चिखलाच्या चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हल्केने लाँच वर घेतली." बस, आधी एवढंच. मी चहा टाकत होते. आल्याचा वास वर आला आणि मन माझं उठून गेलं त्या एका पावसाळ्यात.

दरवर्षी नदीचं हेच होतं. एरवी नर्मदा हिरवी, तळातला गोटा दिसेल अशी. जुलै लागला की ती जास्त दूध पडलेल्या चहासारखी होते, वरून ओंडके वाहत येतात, कधी एखादी तुटलेली खाट. मग नावा बंद. पलीकडे गुरुद्वाऱ्याला जाणारी माणसं पुलाचा फेरा घालतात. घाटावरच्या बोटी ट्रॅक्टर लावून वर ओढतात आणि हल्केच्या अंगणात, टिनाच्या छपराखाली, आपली लाँच ठोकळ्यांवर उभी राहते. पाण्याबाहेर बोट फार मोठी दिसते गं. आणि जराशी लाजलेलीही. परकर-पोलक्यावर असताना दारात पाहुणा यावा, तशी.

'आपली' म्हणते खरी, पण बोट हल्केची आणि इंजिन काकांचं. हल्के बर्मन म्हणजे नदीवरच जन्मलेला माणूस, पिढ्यान्‌पिढ्या वल्ही मारणाऱ्यांचा. काका कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा कुठलं तरी टाकून दिलेलं डिझेल इंजिन उचलून आणलं, आमच्या ओसरीवर उघडलं, धुतलं, जोडलं आणि हल्केच्या बोटीच्या पोटात बसवलं. तेव्हापासून त्या बोटीचं दुखणं-खुपणं यांच्याकडे. माझ्या स्वयंपाकघरातल्या सांडशीला कित्येक वर्षं डिझेलचा वास होता.

त्या वर्षी होळीनंतर काकांना झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ हळूहळू परत आली, पाय काठीवर उभा राहिला, पण हात नाही. केतकी, तू त्यांचा तो हात कामात पाहिला नाहीस. अक्कल त्या हातात होती. रेडिओ बिघडला की आधी हात त्याच्या पाठीवरून फिरायचा, मग हे म्हणायचे, "हं." आता तोच हात मांडीवर ठेवला की ठेवलेला राहायचा. दवाखान्यातल्या मुलीने दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो खाटेखाली गेला. मी झाडून बाहेर काढला की हे बऱ्या पायाने परत आत ढकलायचे. "मी काय आता क्रिकेट खेळू?" आणि भिंतीकडे तोंड करून निजायचे. दिवस दिवस भिंत. त्या भिंतीवर ओल आली होती, तिचा नकाशा पाठ झाला असेल त्यांना.

मग आषाढात हल्के आला. गळकी छत्री दारात उभी केली, खाटेच्या पायथ्याशी टेकला.

"दादा, लाँच में धुआँ भर रहा है. सवारी खाँसते-खाँसते उतरती है."

काका भिंतीलाच म्हणाले, "गॅस्केट."

कित्येक दिवसांत आपणहून बोललेला तो पहिला शब्द. मी स्वयंपाकघरातून पळत आले, जसं काही मूल पहिल्यांदा बोललं.

हल्के सांगू लागला. इंजिनाचा धूर बाहेर नेणारी जी जाड नळी असते, ती इंजिनाला बोल्टांनी आवळलेली असते. मध्ये गॅस्केट. कुकरला रबर असतं ना, तसंच, फक्त पत्र्याचं. ते जळलं की धूर बाहेर न जाता बोटीतच पसरतो. बदलायचं तर सगळे बोल्ट काढायचे. पुढचे हल्केने काढले होते. पण एक अगदी मागे होता, बोटीच्या लाकडाकडे तोंड करून. शहरातून मिस्त्री येऊन बघून गेला. म्हणाला, हात जात नाही, वरच्या फळ्या कापून इंजिनच उचलून काढा. आणि ते जुनं लाकूड! एकदा कापलं की परत धरणार नाही.

"कबाड़वाला दो बार चक्कर लगा गया, दादा. कहता है, गणेशजी बैठ जाएँ, फिर आता हूँ."

काका वळले. खरंच वळले, कुशीवर, आमच्याकडे. "इंजन नहीं उतरेगा."

"तो वो बोल्ट कौन खोलेगा? वहाँ तो आप ही का हाथ..." हल्के थांबला. जीभ चावली त्याने.

काकांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. स्टेशनवर कोणी आपल्याजवळ ठेवून गेलेल्या परक्या सामानाकडे बघावं, तसं बघितलं. मला त्याच क्षणी कळलं. ही बोट भंगारात गेली तर हा माणूस परत भिंतीकडे वळेल, आणि मग माझ्याने त्याला फिरवणं होणार नाही.

"चला," मी म्हणाले. "बघून तर येऊ."

हल्केने त्यांना पोत्यासारखं पाठीवर घेऊन बोटीत चढवलं. मोठा तमाशा झाला. हे वरून, "अरे हल्के, बोरा नहीं हूँ मैं," आणि तो खालून, "दादा, बोरा होता तो चुप रहता." त्यांच्यासाठी लाल प्लास्टिकची खुर्ची वर ठेवली. समोर फळी उघडलेली आणि आत इंजिन. काळं, तेलकट, ओल्या दोराचा आणि जुन्या डिझेलचा वास. डोक्यावर टिनावर पाऊस. इंजिन आणि लाकूड यांच्यामध्ये फट केवढी, तर आपल्या फ्रीजमागे झाडू जाईल न जाईल तेवढी. हल्केने हात घातला, मनगटापाशी अडकला. त्याचा पंजा म्हणजे वल्ह्याचं पातं. काकांच्या हाताला त्या फटीची सवय होती, मापाचाही नेमका होता, पण तो तर मांडीवर.

मग सगळे माझ्या हाताकडे बघू लागले. माझ्या मापाच्या बांगड्या चूडीवाला तेव्हा पोरींच्या डब्यातून काढायचा.

बांगड्या! त्या काढल्याशिवाय हात आत जाणार नव्हता. मी एकेक उतरवायला लागले तशी हल्केची बायको शांती ओरडलीच, "हाय दीदी! दादा की ऐसी हालत में हाथ सूने करोगी?" आपल्यात तरी दुसरं काय? नवे चुडे भरतानासुद्धा मनगट मोकळं ठेवत नाहीत, पदर तरी गुंडाळतात. मला वाटलं, तुझे काका आता हसतील. आयुष्यभर ते असल्या गोष्टींना हसत आले. सत्यनारायणाला प्रसादापुरते यायचे. पण हे हसले नाहीत. माझ्या उघड्या मनगटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थांब. शांती, कलावा है क्या घर में?"

तिने देवापुढचा लाल-पिवळा धागा आणला. यांनी तो माझ्या मनगटाभोवती डाव्या हाताने गुंडाळला, आणि गाठ मारायची वेळ आली. गाठीला दोन हात लागतात. डाव्याने एक टोक धरलं, दुसरं उजव्याच्या बोटांत खोचलं. ती बोटं मिटेनात. टोक सुटलं. पुन्हा खोचलं. शांती पुढे झाली मदतीला, तर मी तिला डोळ्यांनीच मागे केलं. कितीतरी वेळ पाऊस ऐकत आम्ही सगळे त्या गाठीकडे बघत होतो. शेवटी बसली. ढिली, वेडीवाकडी, पण गाठ.

संध्याकाळी तेलाने काळा झालेला धागा कापून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा बांधायचा, असं मग ठरूनच गेलं. चेंडू खाटेखालीच राहिला.

तो सगळा श्रावण मी इंजिनावर पालथी पडून काढला असं म्हण. पदर खोचलेला, गाल इंजिनाच्या झाकणावर, हात पलीकडून खाली. दिसत काही नाही. मागून खुर्चीतून आवाज.

"काय लागतंय?"

"खरखरीत. कडक चकलीसारखं."

"ते नळीचं अंग. खाली ये. आणखी. आता?"

"आता कोपरे आहेत. मोजू?"

"सहाच असतात गं. मोजत नको बसू."

बायकांच्या हातांना न बघता काम करायची सवय असतेच. डब्याच्या तळाशी किती पीठ उरलं, मुलाच्या कपाळाला किती ताप आहे, वेणीचा पेड कुठे चुकला, हे आपण कुठे बघतो? तरी त्या फटीत माझा हात पहिल्यांदा आंधळा झाला आणि मग हळूहळू त्याला दिसायला लागलं. बोल्ट गंजून नळीशी एक झाला होता. त्यावर गंज सोडवायचं तेल काडीला कापूस लावून सोडायचं, लहान हातोडीने टिचक्या मारायच्या, आणि घरी जायचं. बस. दुसऱ्या दिवशी परत तेल, परत टिचक्या. मी एकदा चिडले, "आज फिरवून बघू द्या ना!" तर म्हणाले, "जोर नाही करायचा. डोकं तुटलं तर बोल्ट आतच राहील, मग खरंच फळ्या कापाव्या लागतील. भिजू दे त्याला. रुसलेलं आहे ते, वेळ दे."

मी मान इंजिनावर ठेवूनच हसले. म्हटलं, कोण कोणाला सांगून राहिलं बघा.

ऑटोने घरी येताना आमच्या दोघांच्या अंगाला तेलाचा वास. रस्त्याच्या कडेला भुट्टे भाजत असायचे. एक भुट्टा घ्यायचा, मी दाणे सोलून यांच्या डाव्या हातावर द्यायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं रोज संध्याकाळी मिळून कुठून तरी घरी येणं आमच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. हे कारखान्यातून यायचे, मी दारात असायचे. सुख असं अडचणीच्या जागी सापडतं गं, आणि ते सुख आहे हे त्या वेळी कोणी सांगत नाही.

मग फिरवायचा दिवस आला. हल्केने एक पाना अर्धा कापून, वाकवून त्या फटीपुरता केला होता. तो मी चाचपडत बोल्टावर बसवला.

"डावीकडे," हे म्हणाले. "घड्याळाच्या उलट. हळू."

मी फिरवला. कर्र झालं.

"थांब!" हे ओरडले. आवाजावरूनच ओळखलं त्यांनी. बोल्ट सैल झाला नव्हता, आणखी आवळला होता. "उजवीकडे फिरवलास तू!"

"नाही हो. तुम्ही सांगितलं तसंच."

"दादा, भाभी ने बाएँ ही घुमाया," हल्के म्हणाला. "मैं कोहनी देख रहा था."

काकांचा चेहरा उतरला. हा बोल्ट त्यांनी स्वतः कितीदा काढला होता, कधी चुकले नव्हते. "मग मीच उलटं सांगितलं," ते अगदी हळू म्हणाले. "हात गेला, आता डोकं बी गेलं."

हल्के म्हणाला, मी म्हणाले, असं कसं, होतं एखादेवेळी. काही उपयोग झाला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलेलं ते मनात धरून बसले होते, की अशा आजारात विचारांवरही परिणाम होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कलावा घेऊन खाटेपाशी गेले. हे भिंतीकडे तोंड करून होते. "आज नको," म्हणाले. त्यानंतरच्या दिवशी तेवढंही म्हणाले नाहीत. बाहेर गल्लीत गणपतीच्या मांडवाचे बांबू पडायला लागले होते. पोरं खड्डे खणताना भांडत होती, आणि मला प्रत्येक खड्ड्याबरोबर कबाडवाल्याचा ट्रक जवळ येताना ऐकू यायचा.

त्या दुपारी जेवायला बसलो. वरण-भात आणि लिंबाचं लोणचं. लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलेलं. झटका आल्यापासून आमची एक रीत झाली होती. बरणी हे डाव्या हाताने पोटाशी दाबून धरायचे, तोंड माझ्याकडे, आणि मी समोर बसून झाकण फिरवायचे. दोघांत मिळून एक बरणी. तशी धरली. मी फिरवायला लागले.

"अगं, काय करून राहिलीस?" हे वैतागले. "बंद करतेस की उघडतेस? उलटं फिरवतेस तू!"

आणि झाकण टप्‌ करून उघडलं.

आम्ही दोघंही त्या झाकणाकडे बघत राहिलो. मला काही कळलं नव्हतं, खरं सांगते. यांना कळलं. "परत लाव," म्हणाले. मी लावलं. "उघड." मी उघडलं. "तुझ्या बाजूने कुठे फिरवलंस?"

"डावीकडे."

"आणि मला इकडून उजवीकडे दिसतंय." यांचा आवाज बदलला. "अगं, मी बरणीच्या मागे आहे. तू त्या बोल्टाच्या मागे होतीस! त्याचं तोंड लाकडाकडे, तू इंजिनावरून हात टाकलेला. मागून बघितलं की सगळं उलट."

कळलं ना तुला? मी सांगते परत. हे जेव्हा स्वतः काढायचे तेव्हा हात आपोआप त्या बोल्टाच्या समोर जायचा आणि बरोबर फिरायचा. डावं-उजवं असा विचारच कधी केला नव्हता. ते फक्त हाताला ठाऊक होतं, आणि तो हात निजलेला. जिभेला पहिल्यांदाच विचारलं गेलं, तर तिने जगभर सगळे सांगतात तेच सांगितलं.

"डोकं ठिकाणावर आहे माझं," हे म्हणाले.

"मला कधी शंका नव्हती."

"तुला नव्हती. मला होती ना." आणि मग हसायला लागले. भाताचा घास तसाच हातात, आणि हे हसताहेत, डोळ्यांतून पाणी, मीपण. वरण गार झालं. लोणचं घ्यायचं राहूनच गेलं.

हात धुतले न धुतले तोच म्हणाले, "कलावा आण."

त्या दुपारी टिनाखाली उकाडा होता. पाऊस थांबलेला, नदीचा नुसता घोगरा आवाज. मी पाना बसवला. "तुझ्या उजवीकडे," मागून आवाज आला. काही नाही. "थोडं मागे घे. आता परत." काही नाही. मागे, परत. माझ्या बोटांना गंजाची भुकटी लागली, पिठीसारखी. आणि मग, केतकी, दुधाचा दात हलतो ना, तसं काही तरी आत हललं. मी ओरडलेच नाही. थोडं फिरवायचं, पाना काढायचा, परत बसवायचा. शेवटी पाना ठेवून बोटांनीच फिरवला, आणि तो सुटून खाली पडला, टण्ण.

"नर्मदे हर!" हल्के एवढ्याने ओरडला की शांती चुलीवरचं टाकून धावत आली.

माझा हात सोलवटला होता, कोपरापर्यंत काळा. यांनी घासलेटात फडकं भिजवलं आणि पुसायला घेतलं. बोटाबोटांतून, नखांच्या कडेने. अर्ध्यात माझ्या लक्षात आलं की फडकं उजव्या हातात आहे. मी मान नदीकडे वळवली. काही गोष्टींकडे बघितलं की त्या लाजून थांबतात.

कबाडवाला आला तेव्हा हल्केने त्याला गणपतीचा प्रसाद दिला आणि वाटेला लावलं. नवीन गॅस्केट बसलं, बोल्टांना ग्रीस लागलं, नवरात्रात लाँच पाण्यात गेली. धूर मागून, पाण्यावरून, सरळ रेघेत. हे इंजिनापाशी कान देऊन बसले होते, पलीकडचा काठ येईपर्यंत.

आता तो हात शर्टाचं बटण लावतो, चहाचा कप धरतो. पाना धरत नाही, पण भिंतीकडे तोंड करून हे परत कधी निजले नाहीत. सकाळी काठी घेऊन घाटावर जातात, हल्केशी भांडतात, आणि येऊन मला नदीची बातमी देतात.

आजची बातमी मी तुला अर्धीच सांगितली. लाँच वर घेतली, हे खरं. पण त्याआधी उतरताना माणसं परत खोकायला लागली होती, गॅस्केट पुन्हा जळलं. मी चहाचा कप पुढे केला तर काका तो न घेता माझ्या बोटांकडे बघत होते. संधिवाताने सांधे केवढे फुगलेत, तू पाहिलेच नाहीस. मी दुपारी कोणाला न सांगता फ्रीजमागच्या फटीत हात घालून बघितला. नाही जात. हल्के म्हणतो, अबकी बार फळ्या कापू. चहा संपवून यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. ती भिंत मला माहीत आहे.

तुझ्या आईचे हातमोजे मला व्हायचे आणि माझे तुला, आठवतं? तेव्हा 'बाद में' पुरे झालं. गणपतीला सुट्टी टाक, नाहीतर त्याच्याही आधी निघ. मुक्काम मोठा ठेव, तेलात भिजायला बोल्टाला वेळ लागतो. जुना सलवार-कुडता आण, तो काळा होणार. कुठे फिरवायचं ते सांगायला आम्ही दोघं आहोत. तू फक्त हात घेऊन ये, आणि लवकर ये.